पाण्याचे खाडे

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. तिथी-वार बघायला ते वर्षातून चार-सहा वेळा उपयोगी पडतं. रोजचा उपयोग दुधाच्या खाड्यांसाठी. महिन्याच्या बोलीवर लावलेल्या दुधाला इंदुरात ‘बंदीचं दूध’ म्हणतात. ज्या दिवशी दूधवाला आला नाही त्या तारखेवर आई फुली मारते, कमी घेतलं तर कोपऱ्यात बारीक आकडा टाकते. एक तारखेला दूधवाला ओट्यावर बसतो. आई पान उलटून सांगते, ‘भैया, तीन खाडे.’ तो मान डोलावतो, पैसे मोजून घेतो, पुढच्या घरी जातो. वही त्याच्याकडेही असते. पण दोन्हींत फरक पडला तर भिंतीवरचं पान वरचढ ठरतं, कारण ज्याच्या घरी खाडा झाला त्यानंच, त्याच दिवशी, तो मांडलेला असतो.

नळाचे खाडे मात्र आमच्याकडे कुणी मांडत नाही. शहराच्या बहुतेक भागात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. ते कोणत्या तारखेला किती वाजता आलं, किती मिनिटं टिकलं, सुरुवातीची बादली गढूळ होती की स्वच्छ, याची नोंद असलीच तर ती पाणी सोडणाऱ्याच्या वहीत किंवा कुठल्यातरी संगणकात. देणाराच खाडे मांडतो आणि महिनाअखेरीला देणाराच सांगतो की एकही खाडा नाही.

सार्वजनिक सेवांच्या पारदर्शकतेवर आपण बोलतो तेव्हा सरकारनं आपली वही उघडून दाखवावी एवढीच आपली मागणी असते. मला ती अपुरी वाटते. आधी आपल्या भिंतीवर आपलं पान हवं, मग सरकारी वही त्याच्याशी ताडून बघता येईल. पान नसेल तर वही कितीही उघडी असली तरी ती वाचून करायचं काय?

या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा इंदूरनंच दिलाय, तोही कचऱ्याच्या बाबतीत. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर पंचविसावं होतं. २०१७ मध्ये पहिलं आलं आणि तेव्हापासून तो मान त्यानं सोडलेला नाही. २०२४ च्या सर्वेक्षणापर्यंत आठ वेळा झाल्या. याची कारणं विचारली की लोक आयुक्तांची नावं घेतात, यंत्रं मोजतात, देवगुराडियाच्या मैदानावरच्या जुन्या कचऱ्याच्या डोंगराचं काय झालं ते सांगतात. तिथे २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा घेणारा गॅसचा कारखाना उभा राहिला. हे सगळं खरं आहे. पण मुळाशी एक साधी गोष्ट आहे. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. ती आली की सगळ्या गल्लीला कळतं, आणि नाही आली तर तेही सगळ्या गल्लीलाच कळतं. साडेआठपर्यंत आवाज नाही म्हटल्यावर बायका दारात येतात, कुणीतरी दरोग्याला, म्हणजे सफाईच्या मुकादमाला फोन लावतं, कुणी पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला. कुणाच्याही वहीत काय लिहिलंय याला मग महत्त्व उरत नाही. इथे कॅलेंडरसुद्धा लागत नाही, गल्लीचे कानच पान. गाडीवाल्यालाही हे माहीत असतं. उलट बाजूनं, ओला-सुका वेगळा न करणारं घर गाडीवाल्याला माहीत असतं आणि तो चारचौघांत बोलतो. हिशेब दोन्हीकडून रोज होतो, उघड्यावर होतो, आणि त्याचं एकक घर नाही, खातं नाही, गल्ली आहे.

ही युक्ती इंदूरला नवी नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, तुकोजीराव होळकरांच्या (तिसरे) काळात, पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार इथे आले होते. १९१८ मध्ये त्यांनी इंदूरवर दोन खंडांचा अहवाल लिहिला. अहवालापेक्षा त्यांची दिवाळीची मिरवणूक जास्त लक्षात राहावी अशी आहे. शहरात प्लेगची धास्ती होती. गेडिस यांनी जाहीर केलं की यंदाची मिरवणूक हिंदूंच्या किंवा मुसलमानांच्या ठरलेल्या वाटेनं जाणार नाही; ज्या रस्त्यांवर सर्वांत जास्त साफसफाई आणि घरांची डागडुजी झालेली दिसेल, त्याच रस्त्यांनी जाणार. मग काय, गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. मिरवणुकीत सफाई कामगार पांढऱ्या कपड्यांत, नव्या झाडू घेऊन, हार घालून चालले. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर शेवटी जाळला. माणूस जरा नाटकी होता हे मान्य, पण त्याला एक गोष्ट अचूक उमगली होती. हुकूम घराघराला देऊन भागत नाही आणि बक्षीस शहराला देऊन भागत नाही. मधे गल्ली असते. चूक कुणाची हे शहराला दिसत नाही, एकट्या घराला दिसलं तरी उपयोग होत नाही. गल्लीला दिसतं आणि गल्ली बोलू शकते.

हे झालं जमिनीवरचं. जमिनीखाली याच शहराची गोष्ट अगदी वेगळी आहे.

२०२५ च्या डिसेंबरअखेरीस भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं. उलट्या-जुलाबांनी वस्तीच्या वस्ती आडवी झाली, शेकडो लोक रुग्णालयांत गेले, माणसं मेली. पाण्याला वास येतो अशी तक्रार रहिवासी आधीपासून करत होते. देशातलं सर्वांत स्वच्छ शहर, आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी २०२१ मध्ये ‘वॉटर प्लस’ प्रमाणपत्र मिळवणारं देशातलं पहिलं शहर! या विरोधाभासावर तेव्हा बरंच उपरोधानं लिहून झालं, त्यात भर घालण्यात अर्थ नाही. मला त्यातलं एकच वाक्य महत्त्वाचं वाटतं: तक्रारी आधीपासून होत्या. माहिती होती, आणि ती अगदी योग्य माणसांकडे, नाकानं पाणी हुंगणाऱ्या माणसांकडे होती. फक्त ती सुटी सुटी होती. एका घराचा वास म्हणजे एक तक्रार. शंभर घरांचा वास म्हणजे शंभर तक्रारी, शंभर क्रमांक, शंभर वेळा ‘बघतो’. शंभर घरांना एकाच तारखेपासून एकच वास येतोय, हे एका कागदावर मांडलेलं कुणाकडेच नव्हतं.

पाण्याच्या नळीत घाण शिरते कशी, हेही आपल्याला कुणी नीट सांगत नाही. एक दिवसाआड पाणी म्हणजे मधल्या काळात नळी रिकामी. रिकाम्या नळीत दाब नसतो, उलट ती बाहेरचं आत ओढते. नळीला बारीक भेग असेल आणि शेजारून गटार पाझरत असेल, तर पाणी नसलेल्या त्या तासांत गटाराचं पाणी आत जमतं आणि पुढच्या पुरवठ्याच्या पहिल्या लोटाबरोबर घरात येतं. म्हणून पहिली बादली ओतून द्यायची ही आजीची शिकवण. ७० किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदेचं पाणी उपसून आणायचं, १९७० साली या शहरानं ज्यासाठी आंदोलन केलं आणि जे १९७८ मध्ये एकदाचं पोचलं ते पाणी, शुद्ध करून टाकीत भरायचं, आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये नासवायचं. शुद्धीकरण केंद्रातल्या चाचणीचा आकडा चांगलाच येणार. तो आकडा भोपाळला पाठवायला ठीक आहे. आम्ही पितो ते नळाच्या तोंडाचं.

जमिनीखालचा दुसरा प्रकार २०२४ मध्ये उघडकीस आला. महापालिकेत ड्रेनेजच्या कामांची बनावट बिलं निघाली, म्हणजे जी लाईन कधी टाकलीच नाही तिचे पैसे. सुरुवातीला पाच फर्मांच्या नावानं सुमारे २८ कोटींची बिलं समोर आली, पुढे तपासात आकडा फुगत गेला. कागद सगळे रीतसर होते. आता विचार करा, अमुक गल्लीत अमुक मीटर लाईन टाकली, एवढे चेंबर बांधले, असं बिलात लिहिलेलं असणार. त्या गल्लीतल्या कुठल्याही मावशीला विचारलं असतं, ‘मावशी, गेल्या वर्षी इथे खोदलं होतं का?’ तर दहा सेकंदांत उत्तर मिळालं असतं. गल्लीत खोदकाम झालं हे गल्ली विसरत नाही. स्कूटर कुठे लावायची इथपासून सगळं हाल-हाल झालेलं असतं. उपयंत्र्यानं (कनिष्ठ अभियंत्यानं) माप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची सरकारी वही लिहायची, वरच्यानं ती तपासायची, लेखा शाखेनं बिल पाहायचं, ऑडिटनं शिक्का मारायचा, अशा इतक्या चाळण्या लावल्या, आणि ज्या एका चाळणीतून हे गेलंच नसतं ती तेवढी लावली नाही.

कायदे नाहीत असं नाही. उलट मध्य प्रदेशनं या बाबतीत देशाला वाट दाखवलीय, हे पुण्याच्या नातेवाइकांना मी आवर्जून सांगतो. लोकसेवा हमीचा कायदा इथे २०१० मध्ये झाला, देशात पहिला. महाराष्ट्रात तसा कायदा यायला २०१५ उजाडलं. संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही या कायद्याच्या अंमलबजावणीला २०१२ मध्ये मिळाला. कायदा दमदार आहे. ठरलेल्या दिवसांत दाखला दिला नाही तर अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड, तोही त्याच्या खिशातून, आणि ती रक्कम अर्जदाराला भरपाई म्हणून देता येते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद यांसाठी ज्यांनी पूर्वी चकरा मारल्यात त्यांना फरक ठाऊक आहे.

पण या कायद्याची ताकद नेमकी कशात आहे? दाखला एका माणसाला मिळतो. त्याच्या हातात पावती असते, पावतीवर तारीख असते, तारीख उलटली की दंड सुरू. म्हणजे इथे कॅलेंडर अर्जदाराच्या हातात दिलेलं आहे. आता गटार घ्या. गटार कुणा एकाला मिळत नाही. त्याची पावती कुणाच्या नावानं फाडणार? रस्ता, पथदिवा, पावसाळी नाला, पाण्याची शुद्धता या सगळ्या गोष्टी गल्लीला मिळतात, आणि गल्ली हा कायद्याच्या लेखी अर्जदारच नाही. नळाची नवी जोडणी वेळेत मिळण्याची हमी देता येते; त्या जोडणीतून काय येतं याची हमी मागणारा ‘अर्जदार’ शोधून सापडत नाही. कागदाला मालक आहे, गटाराला नाही. आपली बहुतेक सुधारणा कागदांपाशी अडून बसलीय ती म्हणूनच. हे अधिकाऱ्यांच्या नाकर्तेपणापेक्षा खोलवरचं दुखणं आहे.

मग गल्लीच्या दुखण्यांसाठी काय आहे? तक्रार. महापालिकेचं ३११ चं ॲप आहे, अधिकाऱ्यांनी समोरासमोर तक्रारी ऐकायची मंगळवारची जनसुनवाई आहे, आणि २०१४ पासून मुख्यमंत्री हेल्पलाइनचा १८१ क्रमांक. तक्रार खालच्या अधिकाऱ्यानं मुदतीत सोडवली नाही तर पायरी-पायरीनं वरच्या अधिकाऱ्याकडे चढते, एल-वन, एल-टू, एल-थ्री, एल-फोर. कल्पना उत्तम आहे. वर भोपाळला जिल्ह्यांची क्रमवारी लागते, बैठकीत आकडे विचारले जातात. आणि इथेच गोम आहे. आकडा ‘किती तक्रारी बंद झाल्या’ याचा असतो. त्यामुळे तक्रार हीच अडचण बनते, तिच्यामागचं गटार नव्हे. ‘भाईसाहब, काम हो जाएगा, आप पहले शिकायत तो बंद करवा दो’, हा संवाद मध्य प्रदेशातल्या कुणालाही नवा नाही. ‘फोर्स क्लोज’, म्हणजे तक्रारदाराचं समाधान झालेलं नसताना तक्रार बंद करून टाकणं, हा शब्द तर आता मराठी घरांतही सहज येतो. सून रुसली तरी म्हणतात, प्रकरण फोर्स क्लोज केलं. समाधान झालं का, हे एकट्या तक्रारदाराला फोनवर विचारतात. रोज ज्याच्याशी काम पडणार त्या माणसाविरुद्ध, एकट्यानं, फोनवर ‘नाही झालं’ म्हणत राहायला चांगली छाती लागते. त्यातून तो भाडेकरू असला, किंवा घराचा एखादा ओटा नियमाबाहेर असला, तर विचारूच नका.

ही यंत्रणा अधिकाऱ्याला जबाबदार धरत नाही असं म्हणणं चुकीचं होईल. धरते, पण भोपाळपुढे. खालच्या कर्मचाऱ्याची मान सतत वर, वरच्याची त्याच्याही वर. गल्लीकडे बघायला मान खाली वाकवावी लागते आणि त्याचे गुण कुठल्याच तक्त्यात नाहीत.

याच्या शेजारी एक दुसरं उदाहरण ठेवतो. २०२३ च्या फेब्रुवारीत इंदूर महापालिकेनं २४४ कोटींचे हरित रोखे विकले. पाणी उपसायच्या विजेचा खर्च कमी करायला जलूदजवळ ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा होता. रोख्यांना भरघोस मागणी आली, राष्ट्रीय शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली. नोंदणी झाली म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे नियम आले, आणि नियम आले म्हणजे ठरावीक मुदतीनं हिशेब जाहीर करणं आलं. पैसे कुठे खर्च झाले, जमा किती, देणी किती, हे रोखेधारकाला कळलंच पाहिजे. छान. म्हणजे ज्यानं त्या पाण्याच्या पंपासाठी पैसे उसने दिले, तो मुंबईत बसलेला असो की सुरतेत, त्याला नियमानं, न मागता माहिती मिळते. ज्याच्या पोटात ते पाणी जातं त्यानं मात्र दहा रुपये भरून अर्ज करायचा, तीस दिवस थांबायचं, मग अपील करायचं. महापालिकेला नियमित हिशेब देणं जमत नाही, ही सबब निदान यापुढे कुणी देऊ नये. जमतं, द्यायला भाग पाडणारा नियम असला की जमतं.

आता मला काय हवं आहे ते सांगतो. फार मोठं काही नाही.

पहिलं बिलांचं. ज्या गल्लीत काम झालं त्या गल्लीत, अंतिम बिल निघण्याआधी, माप पुस्तिकेतली नोंद मोठ्यानं वाचायची. इतके मीटर, इतक्या व्यासाची नळी, इतके चेंबर, ठेकेदार अमुक, दुरुस्तीची जबाबदारी अमुक तारखेपर्यंत. आणि मग विचारायचं, झालंय का? १९९४ च्या डिसेंबरात राजस्थानातल्या कोट किराणा गावी मजदूर किसान शक्ती संघटनेनं हेच केलं. हजेरीपट आणि बिलं मिळवली, गावकऱ्यांना जमवलं आणि नावं वाचली. कामावर कधी न गेलेल्यांच्या नावापुढे मजुरी, न झालेल्या कामांची बिलं. लोक ऐकता ऐकता हसायला लागले, मग चिडले. निरक्षर माणसांना हिशेब कळत नाही हा समज त्या ऊन्हातल्या सभांनी मोडला आणि त्याच वाटेनं पुढे २००५ चा माहिती अधिकार आला. त्या कायद्याची व्याख्या आपण नीट वाचलेली नसते. त्यात फक्त कागद मागायचा अधिकार नाही. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही आहे. रस्त्याचं डांबर, नळीचा तुकडा. तीन दशकांपूर्वी राजस्थानच्या खेड्यात जे झालं ते आमच्या ८५ वॉर्डांच्या, गुगल मॅपवर गल्ली न गल्ली दिसणाऱ्या शहरात करायला अडचण काय?

दुसरं पाण्याचं, आणि यावर मी जास्त अडून बसेन. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दोन आकडे सामान्य माणसानं पाठ करण्यासारखे आहेत. शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू सापडताच कामा नये. आणि नळाच्या तोंडाशी उरलेलं क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. जंतूंची चाचणी प्रयोगशाळेची, पण क्लोरीनची चाचणी स्वयंपाकघरात होते. एका नळकांडीत पाणी घ्या, तपासणीच्या औषधाचे थेंब टाका. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, जितका गडद तितकं जास्त. गटाराचं पाणी मिसळलं की ते क्लोरीन खाऊन टाकतं. म्हणजे वास यायच्या आधीच रंग फिका पडू लागतो. एका नळावर फिका रंग आला तर काहीही कारण असू शकेल. एकाच लाईनवरच्या दहा नळांवर, एकाच आठवड्यात, पिवळा रंग नाहीसा झाला तर तो भोंगा आहे. खेड्यांत घरोघरी नळ देण्याच्या जल जीवन मिशनमध्ये गावागावांतल्या पाच-पाच महिलांना अशा तपासणी पेट्या वापरायला शिकवण्याचं ठरलं. खेड्यातली बाई पाणी तपासू शकते आणि इंदूरची पदवीधर बाई नाही? प्रत्येक लाईनवरच्या पाच घरांना पेट्या द्या, त्यांची नोंद गल्लीच्या तोंडाशी फळ्यावर लिहा आणि शेजारी महापालिकेची नोंद लिहा. दोन रकाने. फरक दिसला की उत्तर द्यायची वेळ महापालिकेची.

आणि तक्रार बंद करण्याचा हक्क एकट्या तक्रारदाराकडून काढून घ्या. हे ऐकायला उलटं वाटेल, पण गटाराची तक्रार एकट्याची नसते, मग ती बंद एकट्याच्या होकारानं कशी होते? गल्लीतल्या निदान पाच घरांनी ‘झालं’ म्हटल्याशिवाय ती बंद होऊ नये. दबाव एकावर टाकणं सोपं असतं, पाचांवर अवघड.

याला घर हवं, म्हणजे गल्लीला बोलायची रीतसर जागा. खेड्याला ती आहे; ग्रामसभा राज्यघटनेत आहे, गावचा प्रत्येक मतदार तिचा सभासद. शहरांसाठीच्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांवरच्या शहरांत वॉर्ड समित्या सांगितल्या, पण त्या पार्षद आणि नेमलेल्या माणसांच्या. मतदाराला त्यात बसायची जागा नाही. विचित्रच आहे. हातोदच्या बाजूच्या खेड्यात राहणाऱ्याला वर्षातून काही वेळा सरपंचाला हिशेब विचारायचा घटनात्मक हक्क, आणि तोच माणूस सुदामानगरला घर घेऊन आला की तो हक्क गेला. वॉर्डसभा हा काही क्रांतिकारी विचार नाही, गावाकडचंच उसनं घ्यायचं आहे.

यावर आक्षेप येतील, आणि त्यातले दोन मला खरंच टोचतात. पहिला असा की अशा सभा पार्षदाच्या माणसांनी भरतात, पाच घरं म्हणजे त्याचीच पाच घरं. होईल असं, बऱ्याच ठिकाणी होईल. ग्रामसभांचंही झालंच आहे. पण क्लोरीनचा पिवळा रंग पक्ष बघत नाही, आणि न टाकलेली लाईन टाकली आहे असं स्वतःच्या दारात उभं राहून, शेजाऱ्यांसमोर म्हणणं हे सहीशिक्क्याच्या कागदावर म्हणण्याइतकं सोपं नसतं. दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा: माहितीच्या नावाखाली धंदा करणारे लोक असतात, अर्ज टाकून ठेकेदाराकडून पैसे उकळतात. असतात, मलाही दोन-चार माहीत आहेत. पण दडवलेल्या मालालाच काळाबाजार असतो. जी माप पुस्तिका गल्लीत मोठ्यानं वाचली गेली तिची धमकी कोण कुणाला देणार?

तिसरा आक्षेप, की सामान्यांना तांत्रिक बाबी कळत नाहीत, याला मी उत्तरही देत नाही.

खरी अडचण आपलीच आहे, म्हणजे इंदूरच्या मराठी माणसांची. अहिल्याबाईंचं नाव घेतल्याशिवाय या शहरात भाषण संपत नाही. विमानतळ त्यांच्या नावाचा, विद्यापीठ त्यांच्या नावाचं. दानधर्माचा त्यांचा खर्च खासगीच्या खात्यातून व्हायचा, दौलतीच्या तिजोरीतून नव्हे, हेही आपण अभिमानानं सांगतो. मग आपल्या गल्लीच्या पैशाचं खातं कुठलं, हे विचारताना आपली जीभ का जड होते? आपले पणजोबा-खापरपणजोबा होळकरांच्या दप्तरात मोडीत हिशेब लिहीत होते. नोंद ठेवणं हा या समाजाचा धंदा होता. आता रामबागेतल्या, राजेंद्रनगरातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांना, शिक्षिकांना, विजेच्या खात्यातल्या माजी अभियंत्यांना गणेशोत्सवाच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब फळ्यावर लावता येतो, पण नळाच्या प्रश्नावर ते आर.ओ.चं मशीन बसवतात. मीही बसवलंय. मशीन बसवलं की पाणी माझ्यापुरतं स्वच्छ होतं आणि लाईनबद्दलची माझी तक्रार संपते. गल्लीतली जी माणसं सर्वांत नीट नोंद ठेवू शकली असती, तीच अशी एकेक करून नळावरून उठून जातात. मागे राहतात ती भागीरथपुऱ्यासारख्या वस्तीतली घरं, ज्यांच्याकडे मशीनही नाही आणि ज्यांचं कुणी ऐकतही नाही.

महापालिकेची मागची निवडणूक २०२२ ची, म्हणजे पुढची २०२७ ला धरून चालू. तोवर कायदा बदलेल अशी मला आशा नाही. कॅलेंडरला कायदा लागत नाही. या महिन्यापासून मी आमच्या कालनिर्णयावर दुधाच्या फुलीशेजारी नळाची वेळ लिहायला लागलोय, आणि थेंबांची बाटली आणली आहे, तिचा रंग एक, दोन, तीन अशा आकड्यांत. आईला हे पसंत नाही. तिचं म्हणणं, चौकट आधीच लहान, त्यात एकादशी दिसेनाशी होते. समोरच्या काकू परवा पान बघून गेल्या. त्यांच्याकडे नळ आमच्यापेक्षा वीस मिनिटं उशिरा येतो आणि थेंब टाकला तर रंग आमच्याइतका गडद येत नाही. लाईन तीच आहे. का, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. पण आता दोन पानं आहेत, आणि तिसऱ्या घरी बाटली पोचती झाली आहे.